बाळंतीण आणि ब्रेक

प्रसूतिगृहातून घरी सोडताना हातात डिस्चार्ज कार्ड देतात. त्यावर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहिलेल्या असतात, टाके दाखवायला कधी यायचं ते असतं, बाळाच्या लसींच्या तारखा असतात. सिस्टर तोंडी सांगतात, जड उचलू नका, जिना सारखा चढू-उतरू नका, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. घरी आल्यावर आई, सासूबाई आणि मालिशवाल्या मावशी यांचं सुरू होतं: कानाला बांध, पंख्याखाली बसू नको, गार पाण्यात हात घालू नको. एवढ्या सूचनांमधून एक गोष्ट बहुतेक वेळा सुटून जाते, ती म्हणजे गाडी पुन्हा कधी चालवायची.

ती सुटते, कारण या सूचना ज्या काळात रुजल्या त्या काळात बाळंतिणीला स्वतः गाडी चालवून कुठे जायचं नसे. आता पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात कॉलेजपासून स्कूटर चालवणारी मुलगी आई होते. तिचं कामाचं ठिकाण आठ-दहा किलोमीटरवर असतं. नवरा दुसऱ्या शहरात, माहेर तिसऱ्या गावी, आणि बाळाला दीड महिन्याची लस द्यायला नेणारं घरात दुसरं कुणी नाही, असंही घडतं. तिला गाडी लागते. म्हणून तिला या प्रश्नाचं नीट उत्तरही मिळायला हवं.

ते उत्तर नुसते दिवस मोजून मिळत नाही. समोर अचानक कुणी आडवं आलं, तर ती ब्रेक पूर्ण जोराने, न कचरता आणि वेळेवर दाबू शकेल का, यावर ते ठरतं. पूर्ण जोराने दाबणं हा पोटाचा आणि कंबरेचा प्रश्न आहे, न कचरता दाबणं हा दुखण्याचा, आणि वेळेवर दाबणं हा झोपेचा. पहिल्या दोन्हींबद्दल घरात आणि दवाखान्यात थोडंफार बोललं जातं. तिसऱ्याबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नाही, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच जास्त आहे.

आधी सिझेरियनचं पाहू, कारण प्रश्न बहुधा तिथूनच निघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातली 21.5 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं दिसलं. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चारात एक होतं, आणि देशभरातल्या खाजगी रुग्णालयांत जवळपास निम्मं. हा आता अपवादाचा मामला राहिलेला नाही. ती पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे हे मात्र विसरलं जातं.

बाहेरून दिसते ती ओटीपोटावरची एक आडवी रेघ. या आडव्या छेदाला हेर्मान योहानेस फानेनस्टील या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाचं नाव आहे. 1900 साली त्याने तो मांडला. पण त्या रेघेखाली बरंच काही घडलेलं असतं. त्वचा आणि चरबी ओलांडल्यावर पोटाच्या स्नायूंवरचं एक पांढरं, चिवट आवरण लागतं. ते कापावं लागतं. त्याखालचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. मग पोटाचं आतलं पातळ अस्तर, आणि शेवटी गर्भाशयाची भिंत. बाळ बाहेर आल्यावर यातले महत्त्वाचे थर पुन्हा शिवले जातात.

हे थर एकाच वेगाने भरून येत नाहीत. त्वचा आठ-दहा दिवसांत जुळते, आणि ‘टाके छान सुकलेत’ असं डॉक्टर म्हणतात ते तिच्याबद्दल. ते चिवट आवरण मात्र सावकाश सांधतं. सहा आठवडे ते दोन महिने उलटले तरी त्यात मूळच्या ताकदीच्या साधारण निम्मीच ताकद आलेली असते. पुढची भर पडायला कित्येक महिने लागतात. बाळंतपणानंतर लगेच जवळपास एक किलोचं असलेलं गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या खाली येतं. म्हणजे सहा आठवड्यांचा जो टप्पा सगळीकडे ऐकू येतो, त्याला शरीरात आधार आहे. आयुर्वेदाचा दीड महिन्याचा सूतिकाकाल, घरातला सव्वा महिना आणि प्रसूतिशास्त्रातले 42 दिवस हे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, यात मला नवल वाटत नाही. बायकांच्या शरीराकडे पिढ्यान्‌पिढ्या नीट पाहिल्यावर हाच आकडा दिसला असणार.

आता हे पोट ड्रायव्हिंग सीटवर बसवा. आपल्याला वाटतं, ब्रेक पायाने दाबायचा, त्याचा पोटाशी काय संबंध? पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर न्यायला मांडी वर उचलणारे स्नायू लागतात, आणि ते कंबरेच्या मणक्यापासून ओटीपोटातून खाली येतात. पेडल जोरात दाबताना कंबर सीटला घट्ट टेकवून धरावी लागते, आणि ती धरायचं काम पोटाचे स्नायू करतात. रोजच्या हलक्या ब्रेकला हे जाणवत नाही. पण वाहनांच्या ब्रेकची चाचणी घेण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पेडलवर 500 न्यूटनपर्यंतचा, म्हणजे साधारण 50 किलो वजनाइतका, जोर गृहीत धरलेला असतो. प्रसंग आला की माणूस सगळा जोर लावून पेडल दाबतो. टाक्याच्या जागी कळ आली तर मेंदू तो जोर तिथेच आवरता घेतो. हे इच्छेवर नसतं. दुखऱ्या भागाचे स्नायू शरीर आपोआप आखडतं.

या कचरण्याची किंमत मीटरमध्ये मोजता येते. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर पुढे जाते. अर्धा सेकंद उशीर झाला, तर सात मीटर. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या चार मीटरच्या आत बसवलेल्या असतात, म्हणजे पावणेदोन गाड्यांची लांबी केवळ त्या अर्ध्या सेकंदात निघून जाते, आणि ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर होते. रस्ता ओलांडणारं शाळकरी पोर तेवढ्या अंतरात असू शकतं. गुडघा किंवा खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णांना गाडी कधी चालवू द्यायची, हे ठरवताना अस्थिरोगतज्ज्ञ नेमका हाच वेळ सिम्युलेटरवर मोजत आले आहेत: दिवा लागल्यापासून ब्रेक पूर्ण दाबला जाईपर्यंत किती वेळ गेला. बाळंतिणीच्या बाबतीतही कसोटी हीच लावायला हवी.

मग ‘सहा आठवडे गाडी चालवायची नाही’ हा नियम आहे का? आपल्याकडे तसा नियम नाही. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये बाळंतपणानंतर अमुक दिवस वाहन चालवू नये असं कुठेही म्हटलेलं नाही. आहे ते कलम 186. आपल्या शारीरिक किंवा मानसिक अवस्थेमुळे लोकांना धोका होऊ शकतो हे ठाऊक असूनही वाहन चालवणं हा त्या कलमाखाली गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी एक हजार आणि पुढच्या वेळी दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण कायद्याचा रोख बरोबर आहे. तो तारीख विचारत नाही, तुमची अवस्था विचारतो आणि ती ओळखायची जबाबदारी तुमच्यावर टाकतो.

लंडन किंवा लीसेस्टरला राहणाऱ्या मराठी मुलींना याबद्दल वेगळंच ऐकायला मिळतं. सहा आठवड्यांच्या आत गाडी चालवली तर विमा रद्द होतो, असं तिथे सर्रास सांगतात. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला याहून मवाळ आहे. सिझेरियननंतर गाडी चालवणं, जड उचलणं, व्यायाम ही कामं आपल्याला झेपतील असं वाटेल तेव्हाच सुरू करावीत, आणि अनेकींना त्यासाठी सुमारे सहा आठवडे लागतात, असं ती सांगते. वाहन परवाना देणाऱ्या तिथल्या खात्याला कळवायचं ते शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटूनही गाडी चालवता येत नसेल तर. विमा कंपन्यांच्या अटी मात्र एकसारख्या नसतात, म्हणून आपली पॉलिसी वाचावी आणि शंका असेल तर कंपनीला लेखी विचारावं. हे इथेही लागू आहे.

‘माझं नॉर्मल झालं, मला काय होतंय’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं थांबते. योनीमार्गे बाळंतपण झालेल्या अनेकींना खालच्या बाजूला टाके असतात. पहिल्या बाळंतपणात ते फारच सर्रास पडतात. मग एका बाजूवर भार देऊन बसायची सवय लागते, आणि तसं तिरकं बसून पेडलवर ताबा राहत नाही. चिमटा लावून किंवा व्हॅक्यूमने बाळ काढलेलं असेल, चीर गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली असेल, तर बरं व्हायला सिझेरियनइतकाच किंवा त्याहून जास्त काळ लागू शकतो. काही जणींचा जांघेच्या मधला सांधा दुखतो, कारण गरोदरपणात सैल झालेले बंध पूर्ववत व्हायला वेळ घेतात. अशा बाईला डावा पाय उचलून क्लच दाबणं हीच शिक्षा असते, आणि शहरातल्या वाहतुकीत क्लच किती वेळा दाबावा लागतो हे चालवणारीला माहीत असतं. गिअर नसलेल्या गाडीत तेवढा त्रास वाचतो. टाके नाहीत, दुखत नाही, रक्तस्राव बेताचा आहे, अशी बाई मात्र आठवड्या-दोन आठवड्यांत शरीराने गाडी चालवायला तयार असू शकते. तिला विनाकारण सव्वा महिना अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात ‘गाडी’ म्हटलं की अर्ध्या घरांत स्कूटरच डोळ्यांपुढे येते, आणि तिचं गणित वेगळं आहे. ब्रेक हाताने दाबायचा असतो, त्यामुळे पायाच्या जोराचा प्रश्न मिटतो. पण शंभर किलोंच्या वरची गाडी सिग्नलला एका पायावर तोलायची, पार्किंगमधून मागे ओढून काढायची, डबल स्टँडवर चढवायची, यात कंबर आणि ओटीपोट दोन्ही लागतात. डबल स्टँडला गाडी चढवताना जो हिसका बसतो, तो ताज्या टाक्यांसाठी वाईट आहे. निदान पहिले दोन-तीन महिने साइड स्टँड वापरावा. खड्डे आणि गतिरोधक यांचा धक्का कारच्या सीटमधून निवळून येतो, स्कूटरवर तो थेट कण्यात बसतो. खालच्या टाक्यांना आणि जांघेच्या सांध्याला तो सर्वांत जास्त जाणवतो. आणि तोल गेला तर सीटचा पट्टा किंवा एअरबॅग असलं काही मध्ये नसतं. म्हणून कार चालवायला लागल्यावरही स्कूटरला आणखी काही आठवडे द्यावेत, असं माझं मत आहे. अंगात ताकद येऊ द्यावी, मग स्कूटर काढावी.

आता झोपेकडे वळते. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पितं. दर पाजण्याला अर्धा-पाऊण तास, मग ढेकर, मग लंगोट, मग पुन्हा झोपवणं. सलग चार तासांची झोप ही पहिल्या महिन्यात चैन असते. रात्रभरात तुकड्या-तुकड्यांनी पाच तास मिळाले, तरी मेंदूला हवी असलेली गाढ झोप त्यात पुरेशी मिळत नाही. बाई दिवसा चालते, बोलते, पाहुण्यांना चहा देते, म्हणून ती शुद्धीवर आहे असं सगळे धरून चालतात.

1997 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध लिहिला. त्यांनी लोकांना जागं ठेवून त्यांच्या हाता-डोळ्यांचा मेळ तपासला, आणि मद्य देऊनही तोच तपासला. सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतकी घसरते, असं त्यांना दिसलं. चोवीस तासांनी ती 0.10 टक्क्यांच्या आसपास जाते. भारतात वाहन चालवताना मद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. पहाटे चारपासून जागी असलेली बाई रात्री नऊला बाळाचं औषध आणायला गाडी काढते, तेव्हा तिच्या प्रतिक्रिया या मर्यादेबाहेर गेलेल्या असू शकतात. तिने थेंबभरही दारू घेतलेली नसते आणि रस्त्यात तिला कुणी अडवणारही नसतं.

कॅनडातला आणखी एक अभ्यास इथे आठवतो. ओंटारिओ प्रांतातल्या पाच लाखांहून अधिक गरोदर बायकांच्या नोंदी तपासून 2014 साली असं दाखवण्यात आलं की गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत त्या चालवत असलेल्या गाड्यांच्या गंभीर अपघातांचं प्रमाण त्यांच्या आधीच्या प्रमाणापेक्षा 42 टक्क्यांनी वाढतं. त्या महिन्यांत पोट स्टिअरिंगला अडत नाही. शरीर बाहेरून ठीकच असतं. संशोधकांनी बोट ठेवलं ते थकवा, मळमळ, अपुरी झोप आणि उडणारं लक्ष यांच्यावर. बाळंतपणानंतर मळमळ जाते; थकवा, झोप आणि लक्ष यांची अवस्था बाळ आल्यावर आणखी वाईट होते, हे कुठल्याही आईला विचारावं.

झोपेचा झटका येतो तो तीन-चार सेकंदांचा. डोळे उघडे असू शकतात, पण मेंदू हजर नसतो. ताशी 60 च्या वेगाने चार सेकंदांत गाडी 67 मीटर जाते. खिडकी उघडल्याने, गाणी मोठ्याने लावल्याने किंवा तोंडावर पाणी मारल्याने हे थांबत नाही. थांबतं ते गाडी बाजूला सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटल्याने, आणि निघण्याआधी झोप मिळाल्याने. दुपारी दोन ते चार आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत झोपेचा जोर निसर्गतःच जास्त असतो. त्या वेळा टाळाव्यात. मी तर म्हणेन, मागच्या चोवीस तासांत एकदाही सलग चार तास झोप झाली नसेल, तर त्या दिवशी टाके कितीही छान असोत, रिक्षा करावी.

औषधांबद्दल थोडक्यात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी सहसा गुंगी येत नाही. ट्रामाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामकाने येते. ते चालू असताना गाडी चालवू नये, आणि अंगावर पाजणाऱ्या आईने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांतही झोप आणणारे घटक असतात, आणि ती घरातल्या डब्यातून सहज काढून घेतली जातात. वेदनाशामकाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गोळी घेतल्यावरच बसता येत असेल, तर पोट बरं झालेलं नाही, फक्त त्याचा आवाज दबला आहे.

रक्त कमी असणं ही आपल्याकडची जुनी दुखरी गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्यात बाळंतपणातला रक्तस्राव मिळवा. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, जिना चढताना धाप, हातपाय गार: असं होत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घेईपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये. रक्तदाबाचंही तसंच. बाळंतपणानंतर तो कमी होत जातो असं आपण धरतो, प्रत्यक्षात तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान तो सर्वांत वर जाऊ शकतो, आणि गरोदरपणात रक्तदाब नसलेल्या बाईलाही पहिल्या सहा आठवड्यांत झटके येण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमचम, धूसर दिसणं ही लक्षणं दिसली तर गाडीचा विचार सोडून सरळ दवाखाना गाठावा, आणि तोही दुसऱ्याने चालवलेल्या गाडीतून. पाठीत सुई देऊन भूल घेतलेल्या काही जणींचं डोकं पहिले काही दिवस बसलं की ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं. तेही डॉक्टरांना सांगावं; त्यावर उपाय आहेत.

लांबच्या प्रवासाला आणखी एक भीती जोडलेली आहे. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका एरवीपेक्षा बराच जास्त असतो, सिझेरियन झालेल्यांत आणखी जास्त. तासन्‌तास एका जागी बसणं त्याला खतपाणी घालतं. माहेरहून सासरी परतताना मुंबई-नागपूर एका दमात करू नये, मग चालवणारं कुणीही असो. तासा-दीड तासाने उतरून पाच मिनिटं चालावं, पाणी प्यावं. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, तर लगेच रुग्णालयात जावं.

मन थाऱ्यावर नसताना गाडी चालवणं हाही अवस्थेचाच भाग आहे. विनाकारण रडू येणं, सतत धास्ती, बाळाला काही होईल अशी चित्रं डोळ्यांपुढे येणं, दोन आठवडे होऊनही हे ओसरत नसेल तर ते नुसतं ‘हळवेपण’ नाही, तो आजार आहे आणि तो बरा होतो. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

एवढं सगळं ठीक असेल, तर तयारीची परीक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्येच घेता येते. गोळीचा अंमल उतरलेला असताना इंजिन बंद ठेवून सीटवर बसावं. सीट आधी नीट लावून घ्यावी, कारण गरोदरपणात पोटामुळे ती मागे सरकवलेली असते. छाती आणि स्टिअरिंगमध्ये वीतभराहून थोडं जास्त, साधारण 25 सेंटिमीटर, अंतर राहिलं पाहिजे. पट्टा लावावा. त्याचा खालचा भाग कंबरेच्या हाडांवर बसायला हवा. सिझेरियनची रेघ नेमकी त्याच्या आसपास येते, म्हणून काही जणी मध्ये उशी ठेवतात. पातळ सुती घडी चालेल, जाड उशीने मात्र पट्टा सैल राहतो आणि धडकेत शरीर पुढे फेकलं जातं. पट्टा सोसवत नसेल तर अजून थांबावं. मग पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून झटक्यात उचलून ब्रेक पूर्ण जोराने दाबावा. पुन्हा दाबावा, पाच-सहा वेळा. चेहरा वाकडा होतो का, श्वास रोखला जातो का, दुसऱ्या वेळी पाय आपोआप हळू झाला का, ते पाहावं. मग दोन्ही खांद्यांवरून मागे वळून बघावं, हँडब्रेक ओढावा, उतरून पुन्हा चढावं. यातलं काहीही दुखलं तर आठवड्याने परत पाहावं.

पहिली फेरी जवळची, उजेडातली आणि बाळाला घरी ठेवून करावी. शेजारच्या सीटवर गाडी चालवता येणारं कुणी तरी असावं. बाळ नको, कारण त्याचं रडणं आईच्या शरीरावर थेट परिणाम करतं. पान्हा फुटतो, मान मागे वळते, आणि चौकात हे परवडत नाही. पुढे बाळ बरोबर असताना ते रडू लागलं, तर गाडी बाजूला घेऊन थांबवावी आणि मगच मागे पाहावं.

बाळाची जागा मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवलेल्या बेबी सीटमध्ये आहे. आपल्याकडे तान्ह्याला आजीच्या मांडीवर देण्याची रीत आहे आणि त्यामागे मायाच आहे. पण ताशी 50 च्या वेगाने गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर चार किलोचं बाळ त्या क्षणी पन्नास किलोंहून अधिक जोराने हातातून सुटू पाहतं. कुठल्याही आजीचे हात तेवढे धरून ठेवू शकत नाहीत. पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, मागे तोंड केलेली बेबी सीट कधीही ठेवू नये. फुगणारी एअरबॅग त्या सीटवर आदळते. मोटार वाहन कायद्याच्या 194-ख कलमानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. दुचाकीसाठी 2023 च्या फेब्रुवारीपासून चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा हार्नेस आवश्यक आहे, नऊ महिन्यांपुढच्यांना हेल्मेट, आणि वेग ताशी 40 च्या आत. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाच्या मापाचं हेल्मेटच नसतं, आणि मान धरत नसलेल्या बाळाला स्कूटरवर नेणं मला कुठल्याही वेगात मान्य नाही. बेबी सीटमध्येही तान्ह्याला सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

ही सगळी चर्चा डॉक्टरांशी करायची एक सोयीची वेळ आपल्या वेळापत्रकात आधीपासून आहे. दीड महिन्याची लस. त्या दिवशी बाळ दवाखान्यात जातंच. बाळाचं वजन होतं, इंजेक्शनं होतात, आणि आई बाकावर बसून राहते. त्याच दिवशी आईचं पोट, टाके, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं आणि सरळ विचारावं, ‘मी गाडी चालवू का? स्कूटर की कार?’ गावात आशाताईंच्या घरभेटी 42 व्या दिवसापर्यंत असतात. त्यांनाही हे विचारता येतं.

ज्या बाईला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, ती थांबू शकते. शिकवणीवर, पार्लरवर, डबे पोचवण्यावर जिचं घर चालतं, तिला महिन्याभरात स्कूटर काढावी लागते, आणि तिला ‘थांब’ म्हणणाऱ्यांनी तिच्या फेऱ्यांची सोय काय, तेही सांगायला हवं. पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा तिला नेऊन आणणारं कोण, हे गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच ठरवावं. नवऱ्याने रात्रीचं एक पाजणं अंगावर घ्यावं, म्हणजे आईने काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने द्यावं, आणि ते नेमकं तिला सकाळी गाडी चालवायची असेल त्याच्या आदल्या रात्री. रक्तस्राव अचानक वाढला, ताप भरला, बाळ दूध पिईनासं झालं, तर घाबरून स्वतः किल्ली घेऊ नये. सरकारी रुग्णालयात जाण्यासाठी बाळंतीण आणि आजारी बाळ या दोघांनाही 102 ची गाडी मोफत मिळते, आणि तातडीचं असेल तर 108 आहे. हे दोन्ही क्रमांक बाळंतिणीच्या फोनमध्येच नव्हे, तर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच नोंदवलेले असावेत.